अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत रसायनशास्त्राच्या संशोधनाला पैसा कुठून येतो?
मोठा वाटा केंद्र सरकारचा. विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेची ‘क्रेस्ट’ योजना १९८७ मध्ये अशा आणि इतर अल्पसंख्याकांच्या संस्थांत संशोधन केंद्रं उभी करायला निघाली. आरोग्याशी जोडलेल्या रसायनशास्त्रासाठी एनआयएचची (सरकारी आरोग्य संशोधन संस्था) ‘आरसीएमआय’ ही तशीच योजना आहे. पण माझ्या मते खरी रड अनुदान मिळाल्यावर सुरू होते. एनएमआर यंत्र (जोरदार चुंबकाने रेणूंची रचना तपासणारं) एकदा घेतलं की झालं असं नाही. चुंबक थंड ठेवायला द्रव हेलियम भरत राहावं लागतं, दुरुस्ती येते, चालवणारा माणूस लागतो. हत्ती घेतला, चाऱ्याचं काय? त्यात प्राध्यापकांना तासांतून डोकं वर काढायला फुरसत नाही. तरी फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात सेंट एल्मो ब्रेडींनी (रसायनशास्त्रातले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन पीएचडी, १९१६) इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपीचा (अवरक्त किरणांनी पदार्थाची रचना ओळखण्याच्या तंत्राचा) उन्हाळी वर्ग उभा केला. तिथे बाहेरच्या कॉलेजांतले प्राध्यापकही शिकायला येऊ शकत.