घरगुती मास्टरिंग (सगळे ट्रॅक जुळवून झालेल्या मिक्सवरचं शेवटचं काम) : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आवाज वाढवण्यासाठी मी मास्टर ट्रॅकवर (जिथून पूर्ण गाणं बाहेर जातं) लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या पातळीवर जाणारे आवाज दाबणारं साधन, लावतो. पण ड्रमचा ठोका बोथट होतो आणि स्ट्रीमिंगवर गाणं इतरांपेक्षा मोठंही वाजत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : स्ट्रीमिंगवरची अंतिम पातळी तुमच्या हातात नसते. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं माप) आणून वाजवतं, यूट्यूबही त्याहून मोठं गाणं खाली उतरवतं. तुम्ही गाणं उणे ८ पर्यंत ढकललंत, तर ते ६ डीबीने खाली येणार. कमावलेला आवाज जातो आणि बोथट झालेला ठोका तेवढा शिल्लक राहतो.

म्हणून प्रत्येक गाणं उणे १४ वरच बसवायचं असं मात्र नाही. नाचाचं गाणं उणे ९ ला दमदार वाटू शकतं, नुसत्या गिटारवरचं उणे १६ ला. आकडा शेवटी बघा, आधी ऐका. लिमिटरची सीलिंग (ज्याच्या वर आवाज जाऊ द्यायचा नाही ती मर्यादा) उणे १ डीबी ठेवा आणि सॅम्पलच्या मधली शिखरंही मोजणारा ट्रू पीक पर्याय चालू करा. दोन सॅम्पलच्या मधे सिग्नल मीटरवर दिसतो त्याहून वर जाऊ शकतो, शिवाय एमपी३ किंवा एएसी होताना पीक आणखी थोडे वाढतात. ही १ डीबीची जागा त्यासाठीच. मग गाण्याचा सर्वांत भरलेला भाग, बहुधा शेवटचा कोरस, लूपवर टाका आणि इनपुट गेन (आत जाणारी पातळी) हळूहळू वाढवा. मोठ्या ठोक्यांवर गेन रिडक्शन (लिमिटर किती दाबतोय तो आकडा) २-३ डीबी दिसलं तर हरकत नाही. काटा सतत ५-६ डीबीवर रेंगाळत असेल तर मागे या.

खरी कसोटी यापुढे आहे. जेवढा गेन वाढवलात तेवढाच आउटपुट कमी करा आणि लिमिटर बायपास (तात्पुरता बंद) करत दोन्ही आलटूनपालटून ऐका. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, त्यामुळे पातळी समान केल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका. ईक्यू (सुरांचे पट्टे कमी-जास्त करणारं साधन) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज सौम्यपणे दाबणारं साधन) यांनाही हाच नियम. मास्टरिंग शिकताना एकच सवय लावायची असेल तर ही लावा.

पहिल्या १-२ डीबीतच ठोका मरत असेल, तर दोष मिक्समध्ये आहे. किक किंवा स्नेअर बाकीच्या वाद्यांच्या फार वर उसळतेय, किंवा ३० हर्ट्झखालचा न ऐकू येणारा गडगडाट लिमिटरला कामाला लावतोय. त्या ट्रॅकवर सौम्य सॅच्युरेशन (शिखरं गोलावणारा हलका विकृतीचा परिणाम) किंवा क्लिपर (शिखरं सरळ कापणारं साधन) वापरून २ डीबी छाटा, नको तिथला खालचा भाग हाय-पासने (खालचे सूर काढणारी गाळणी) काढा आणि पुन्हा एक्सपोर्ट करा.

प्रश्न : मास्टरिंगसाठी मिक्स कसा एक्सपोर्ट करू?

उत्तर : वेव्ह फाइल, २४ बिट किंवा ३२ बिट फ्लोट, सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच. पीक उणे ६ ते उणे ३ डीबीच्या दरम्यान असले की पुरे. नॉर्मलाइझ (पातळी आपोआप वर नेणारा पर्याय) बंद ठेवा, मास्टरवरचा लिमिटर काढा. बस कॉम्प्रेसर (पूर्ण मिक्सवरचा कॉम्प्रेसर) लावूनच मिक्स केला असेल तर तो मात्र राहू द्या, काढलात तर सगळा तोल बदलेल.

प्रश्न : ईक्यू आणि कॉम्प्रेसरच्या सेटिंगची सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आधी ईक्यू, मग कॉम्प्रेसर, शेवटी लिमिटर, हा क्रम सुरुवातीला सोयीचा. ईक्यूचे बदल रुंद ठेवा, क्यू (पट्ट्याची रुंदी ठरवणारा आकडा) ०.७ च्या आसपास, आणि अर्धा ते दीड डीबीच्या आत. गाणं कोंदट वाटलं तर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये शोधा. कुठे ३ डीबीहून जास्त लागतंय असं दिसलं की मिक्सकडे परत जा. कॉम्प्रेसरला रेशो (दाबण्याचं प्रमाण) १.५ किंवा २, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० ते २०० मिलिसेकंद, आणि रिडक्शन १-२ डीबी. प्रत्येक किकबरोबर गायकाचा आवाज आत ओढला जात असेल, तर साइडचेनवर (कॉम्प्रेसर ज्या सिग्नलवरून किती दाबायचं ठरवतो, त्यावर) १०० हर्ट्झचा हाय-पास लावा.

प्रश्न : माझ्या खोलीत बेस कमी वाटतो म्हणून वाढवते, आणि गाडीत तो घुमतो.

उत्तर : तुमची खोली तुमच्याशी खोटं बोलतेय. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल तर ५७ हर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो, आणि त्या दोन भिंतींच्या बरोबर मधे बसलं की नेमका तोच सूर गायब होतो. ही पोकळी ईक्यूने भरत नाही. खुर्ची हलवा. समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसून ऐका आणि तिथून थोडं पुढे-मागे सरकून बघा. कोपऱ्यांत १०-१५ सेंटिमीटर जाड खनिज लोकरीचे बेस ट्रॅप लावा. पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतो, त्यामुळे खोली उलट आणखी घुमी वाटते. ओळखीचं एखादं गाणं तुमच्या मिक्सच्याच पातळीला आणून शेजारी वाजवत राहा, आणि बेसचा निर्णय हेडफोनवरही पडताळा.

प्रश्न : हेडफोनवर गिटार छान पसरलेली वाटते, फोनच्या स्पीकरवर नाहीशी होते.

उत्तर : एकाच टेकची प्रत करून ती १०-३० मिलिसेकंद उशिरा दुसऱ्या बाजूला टाकली, किंवा स्टिरिओ वाइडनर (आवाज डावी-उजवीकडे पसरवणारं साधन) जास्त झाला, की मोनोमध्ये (डावी-उजवी बाजू एकत्र वाजताना) दोन्ही बाजू एकमेकींना काही प्रमाणात खोडतात. कोरिलेशन मीटर (दोन्ही बाजू किती जुळतात ते दाखवणारा) बराच वेळ शून्याखाली राहत असेल तर हेच घडतंय. मास्टरिंगमध्ये रुंदी थोडी कमी करता येते, पण खोडला गेलेला सूर परत येत नाही. गिटार दोनदा वेगवेगळी वाजवून डावी-उजवीकडे ठेवा.

प्रश्न : डिदर (बिट कमी करताना मिसळायचा अगदी हलका खरखराट) कधी लावायचा?

उत्तर : २४ बिटवरून १६ बिटवर येताना, लिमिटरच्याही नंतर, एकदाच. फाइल २४ बिटचीच द्यायची असेल तर त्याच्या वाटेला जायची गरज नाही.