तीन फुटी फिश टँक जुन्या टीव्ही युनिटवर ठेवला तर चालेल का? (नाशिक, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर)

नका ठेवू. आधी वजनाचा हिशोब करा. 3 × 1 × 1.5 फूट टाकीत काठोकाठ साधारण 127 लिटर पाणी मावतं, म्हणजे तेवढेच किलो. त्यात काच आणि खडी धरली की 170 किलोच्या घरात जातं, आणि हे ओझं चोवीस तास तिथेच.

टीव्ही युनिट बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं) असतं. माझंही होतं. पाणी बदलताना सांडलेले थेंब कडेतून आत मुरले, बोर्ड बिस्किटासारखा फुगला आणि एके दिवशी खालचं दार लागेना. टाकी तिरकी झाली होती, नशीब काच तडकली नाही.

मग अंबडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून एक इंची चौकोनी लोखंडी पाइपचा स्टँड करून घेतला. पाय थेट वरच्या चौकटीखाली असायला हवेत, म्हणजे भार वेल्डवर लटकत नाही. रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्राइमर) मारूनच रंग द्यायला सांगा, ही मंडळी तो टप्पा हमखास गाळतात. वर 18 मिमी वॉटरप्रूफ प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट. (टाकीला खाली प्लास्टिकची फ्रेम असेल तर थर्माकोल नको.)

जागा भिंतीलगत, शक्यतो फरशीखालून बीम जातो तिथे. रिकामी टाकी ठेवून लेव्हल बघा, अर्धी भरून पुन्हा बघा. पाचर घालायची तर स्टँडच्या पायाखाली, काचेखाली कधीच नाही.