घंगाळ मोडीत जाण्याआधी

प्रश्न : वय ७६. आईचं पितळी घंगाळ, सासूबाईंची पैठणी आणि जुने फोटो माझ्याकडे आहेत. मुलं म्हणतात, 'नंतर बघू.' माझ्यामागे घंगाळ मोडीत जाईल अशी भीती वाटते. कोणती वस्तू कुणाची, का जपली, हे कसं लिहून ठेवू? कुणाला काय द्यायचं, तेही त्याच कागदावर लिहिलं तर चालेल? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी घंगाळ घ्या. काठाखाली किंवा कडीजवळ नाव घातलंय का पाहा. अक्षरं बुजली असतील तर घासू नका. टाल्कम पावडर बोटानं अक्षरांत भरा, वरची पुसून घ्या आणि टॉर्चचा उजेड बाजूनं तिरका पाडून फोटो काढा. शके दिलं असेल तर ७८ मिळवा, माघ-फाल्गुनातली तिथी असेल तर ७९. 'वैशाख, शके १८७२' म्हणजे १९५०. बफिंगला, म्हणजे यंत्रावर घासून चकचकीत करायला, मात्र मुळीच देऊ नका. चकाकी येते, पण नाव झिजून जातं, आणि बिननावाचं घंगाळ घरच्यांनाही नुसतं पितळ वाटतं.

मग प्रत्येक वस्तूची वेगळी चिठ्ठी करा : कुणाची, कुठून आली, कशाला वापरली, का टाकवली नाही. हे शेवटचंच बहुतेकांचं राहून जातं, 'आईची आठवण' एवढ्यावर भागवतात. त्यापेक्षा 'दिवाळीच्या पहाटे आई यात विसण घालून द्यायची, आम्ही चौघं तेल लावून कुडकुडत बसायचो' असं लिहा. नातीला घंगाळ कळेल ते यातून.

पैठणीला टाचणी लावू नका, गंजाचा डाग जात नाही. धुतलेल्या मलमलीत गुंडाळून चिठ्ठी वरच्या फडक्याला दोऱ्यानं टाचा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जरीचे धागे त्याच रेषेवर तुटतात. घडी बदलताना नातीला पदराचं दुसरं टोक धरायला बोलवा. असं हातात काम असलं की ती आपणहून विचारते. फोनवर रेकॉर्डिंग तेव्हाच करा.

फोटो पालथा ठेवून मागे कडेला मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो. पाठ गुळगुळीत असेल तर पाकिटावर लिहा.

ही चिठ्ठी म्हणजे मृत्युपत्र नव्हे. त्यासाठी तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टँपपेपर किंवा नोंदणी सक्तीची नाही. ज्यांना वस्तू मिळणार, त्यांना साक्षीदार करू नका. घंगाळासाठी तर एवढंही नको. तुमच्या हयातीत, राजीखुशीनं नातीच्या हातात दिलंत आणि तिनं घेतलं, की ते तिचं. या दिवाळीतच द्या, चिठ्ठीसकट.