‘तू डॉक्टर आहेस का?’

वाचकांचे प्रश्न, निवृत्त मेट्रनची उत्तरं

प्रश्न : ताई, मी कोपरखैरण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात इन्चार्ज सिस्टर आहे. गेल्या महिन्यात एका आजोबांना सकाळचं इन्सुलिन कमी गेलं. व्हायल ४० ची (एका मिलीत ४० युनिट) आणि सिरिंज नारिंगी टोपीची, म्हणजे १०० ची. सीनियर सिस्टरने १० च्या खुणेपर्यंत भरलं. शेजारच्या नव्या मुलीला टोपीचा रंग खटकला होता, पण ती गप्प राहिली. दिवसभर शुगर उतरेना, तेव्हा विचारपूस केल्यावर तिनेच सांगितलं. आजोबा बरे होऊन घरी गेले. ‘‘तेव्हाच का नाही बोललीस?’’ म्हटलं, तर म्हणाली, ‘‘मागे राऊंडला एक डोस विचारला, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, तू डॉक्टर आहेस का?’’ आता दोघींना मेमो मिळालाय आणि भिंतीवर ‘निर्भयपणे बोला’ असं पोस्टर लागलंय. मुली बोलत्या कशा होतील?

उत्तर : पोस्टर राहू द्या, भिंतीचे पोपडे तरी झाकले जातील. आधी त्या नव्या मुलीच्या मेमोचं बघा. तिने खरं सांगितलं म्हणून तर कारण कळलं, आणि तिलाच कागद मिळाला. हे सगळ्या वॉर्डाने पाहिलंय. मेट्रनकडे जाऊन तो मागे घ्यायला लावा आणि घेतल्याचं ओव्हरच्या, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती देण्याच्या, वेळी सगळ्यांसमोर सांगा. सीनियरला तरी मेमो कशासाठी? नोंद खोटी लिहिली, पिऊन ड्यूटीवर आली, तर जरूर द्या. इथे लाल आणि नारिंगी टोपीच्या सिरिंजा एकाच ट्रेमध्ये होत्या ना? ४० च्या व्हायलमधून १०० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरलं की जातात ४ युनिट. उलटं झालं असतं, १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज, तर १० ऐवजी २५ गेली असती आणि आजोबा बेशुद्धही पडू शकले असते. ट्रे आजच वेगळे करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

तुमच्या चुकांच्या रजिस्टरमध्ये महिनोन्महिने ‘निरंक’ असेल, तर त्यावर खूश होऊ नका. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलातल्या औषधांच्या चुका तपासल्या. चांगल्या टीमकडे चुका कमी निघतील, अशी त्यांची अटकळ होती. निघाल्या जास्त! तिथल्या सिस्टर्स चुका लपवत नव्हत्या, एवढाच फरक. १९९९ मध्ये त्यांनी टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर, म्हणजे न भिता बोलता येण्यावर, निबंध लिहिला, तो आज जगभर वाचला जातो. आपल्याकडेही एनएबीएच या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मानांकन हवं असेल, तर घटनांची नोंद आणि कारणमीमांसा करावीच लागते. पण घाबरलेल्या वॉर्डात ते रजिस्टर कोरंच राहतं.

तुमच्या हातात सगळ्यात जास्त आहे ती सकाळची ओव्हर. नाईटच्या मुलींना ठाण्याची लोकल गाठायची असते, कुणाला पुढे दिव्याला, कुणाला कल्याणला, त्यामुळे ती उभ्याउभ्या उरकली जाते. तिथे ‘कुणाला काही शंका?’ विचारू नका. या प्रश्नाला आजवर कुणी हात वर केलेला मी पाहिला नाही. ‘आज तुला कुठल्या पेशंटची काळजी वाटते?’ असं विचारा, आणि सुरुवात सगळ्यात नव्या मुलीपासून. सीनियर आधी बोलली की बाकीच्या माना डोलावतात. मुलगी मल्याळममध्ये विचार करणारी असेल, तर मोडक्या हिंदीत सांगू दे. आमच्या कितीतरी हुशार मुली आयसीयूच्या राऊंडला फक्त इंग्रजीच्या धाकाने मुक्या होतात, आणि आपण म्हणतो आत्मविश्वास नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी तपासणी यादी आणली. तिच्यात छेद देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं असतं. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं. सगळं श्रेय नावं सांगण्याला नाही, यादीत बाकीही पुष्कळ आहे. पण एकदा तोंड उघडलेला माणूस दुसऱ्यांदा लवकर उघडतो, हे मी ऑपरेशन थिएटरमध्ये पाहिलंय.

आता सर. नवी मुंबईत एकच कन्सल्टंट दिवसात तीन-चार हॉस्पिटलं फिरतो. त्याच्या पेशंटवर बेड भरतात, म्हणून व्यवस्थापन त्याला दुखवत नाही. हे उघड आहे, लाजायचं कारण नाही. त्यांच्याशी राऊंडला बोलू नका. ओपीडी संपल्यावर एकटे गाठा. ‘मुलींना वाईट वाटतं’ हे त्यांना पोचणार नाही. ‘सर, तुमच्या पेशंटला १० ऐवजी ४ युनिट गेली आणि जिला कळलं होतं ती तुम्हाला भिऊन गप्प बसली,’ हे पोचेल. मागणी एकच ठेवा : कुणी विचारलं की आधी ‘बरं झालं विचारलंस’ म्हणायचं, मग उत्तर. शंका चुकीची असली तरी. नाहीच ऐकलं, तर मेडिकल सुपरिंटेंडेंटकडे लेखी द्या, तारखेसकट.

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या हॉस्पिटलात आरएमओ, म्हणजे ड्यूटी डॉक्टर आहे. रात्री दोनला कन्सल्टंटना फोन करायला हात धजत नाही. ‘एवढंसुद्धा कळत नाही?’ हे ऐकावं लागतं.

उत्तर : डॉक्टर, संध्याकाळच्या राऊंडलाच विचारून ठेवा, ‘सर, बीपी कितीच्या खाली गेलं तर उठवू?’ आकडा केसपेपरवर त्यांच्यासमोर लिहा. मग रात्रीचा फोन त्यांनी सांगितला म्हणून केलेला असतो. फोनवर आधी कोण बोलतोय आणि कुठला पेशंट, मग आत्ता काय झालंय, मग तुम्हाला काय करावंसं वाटतं. ते डोस सांगतील तो आकड्यासकट परत म्हणून दाखवा, ‘हो’ आलं की लिहा. फोनची वेळही लिहा. उचलला नाही, तर तेही लिहा आणि पुढच्या सीनियरला लावा.