पहिली ऑनलाइन चाचणी लावताना

मॅडम, सुरुवात छोटी करा. पाचवीच्या अपूर्णांकांवर १० बहुपर्यायी प्रश्न पहिल्या खेपेला पुष्कळ झाले. गूगल फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये ‘मेक धिस अ क्विझ’ आधी चालू करा, त्याशिवाय उत्तरसूची आणि गुण भरता येत नाहीत.

नवीन शिक्षकांचं हमखास अडतं ते इथे:

- लघुउत्तरी प्रश्नात फॉर्म अक्षर न् अक्षर जुळवतो. उत्तरसूचीत ‘12’ आणि मुलाने लिहिलं ‘१२’, की गुण गेले. दोन्ही रूपं भरा, नाहीतर असे प्रश्न सध्या नकोत.
- ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावू नका. तिला गूगल खातं लागतं, आणि एकाच वर्गातल्या दोन भावंडांत एकच फोन असला की एकाची चाचणी राहते. हजेरी क्रमांक ड्रॉपडाउनमधून घ्या.
- अचूक उत्तरं लगेच दाखवणं बंद ठेवा. नाहीतर पहिल्या मुलाचा स्क्रीनशॉट वर्गभर फिरतो.

खरा वेळ द्या तो चुकीच्या पर्यायांना. १/२ + १/३ साठी २/५ हा पर्याय ठेवाच. तो निवडणारी मुलं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवत असतात. त्यांना समच्छेद पुन्हा शिकवायला हवा. असे पर्याय असले की प्रतिसादांचा आलेख पाहूनच उद्याचा तास ठरतो. नुसत्या गुणांवरून हे कळत नाही.

टायमर, आपोआप प्रमाणपत्रं वगैरे सध्या राहू द्या. लिंक पाठवण्याआधी मात्र साध्या स्मार्टफोनवर स्वतः एकदा चाचणी सोडवा. अडलं तर विचारा, नक्की सांगेन.