टकटक चालू आहे, पण पेटत नाही

पौष लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. पूर्वी रॉकेलचा स्टोव्ह असायचा, मग हॅलोजन हीटर आला, आणि आता ट्रकच्या केबिनमध्ये बसवतात तो छोटा डिझेल हीटर. या वेळी सगळी पत्रं त्याच्यावरच आहेत, म्हणून आज दुसरं काही घेत नाही.

प्रश्न : काका, दानाओळीत आमचा जुना वाडा आहे. सासूबाई ८२ वर्षांच्या, गुडघे धरलेले, आणि त्यांची खोली उत्तरेकडची. मुलाने १२ व्होल्टचा, ‘८ किलोवॉट’ लिहिलेला डिझेल हीटर मागवून ओसरीत बसवला आणि गरम हवेचा पाईप भिंतीतून खोलीत आणला. पंधरा दिवस छान चालला. आता पंप टकटक करतो, पंखा फिरतो, बाहेर पांढऱ्या धुराचा लोट येतो आणि थोड्या वेळाने ‘ई-१०’ दाखवून बंद पडतो. मुलगा पाच-सहा वेळा पुन्हा पुन्हा चालू करून बघतो. नवीन घ्यावा लागेल का?
— एक गृहिणी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, दानाओळी माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर. म्हणून उत्तर लिहायच्या आधी मी मल्टीमीटर घेऊन तुमच्याकडे येऊन गेलो, हे तुम्हाला माहीतच आहे. इतरांसाठी सगळं सविस्तर लिहितो.

आधी ते पुन्हा पुन्हा चालू करणं थांबवा. धूर पांढरा आहे म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. त्याची वाफ होऊन तशीच बाहेर जाते. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाबरोबर चेंबरमध्ये आणखी डिझेल साचतं, आणि सहाव्या वेळी पेट घेतलाच तर ते सगळं एकदम जळतं. धुराच्या नळीतून जाळ बाहेर आलेला मी पाहिला आहे. दोनदा पेटला नाही की तिसऱ्यांदा बटण दाबायचं नाही. कारण शोधायचं.

हीटर सुरू होताना सगळ्यात आधी ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, तापतो. त्याच्याभोवती बारीक जाळी असते. पंप थेंब-थेंब डिझेल त्या जाळीवर सोडतो, ते तिथे पसरतं, वाफ होते आणि पेटतं. एकदा ज्योत धरली की प्लग बंद होतो आणि मग हीटर जेमतेम एक-दोन अँपिअरवर चालत राहतो. पण ती पहिली काही मिनिटं त्याला ८ ते १० अँपिअर लागतात. घोळ नेमका इथे होतो.

तुमच्या मुलाने कॅमेऱ्यासाठी मिळतो तो १२ व्होल्ट, १० अँपिअरचा पॉवर सप्लाय वापरला होता आणि तिथून हीटरपर्यंत ६ मीटर, १ एमएमची वायर ओढली होती. प्लग तापत असताना मी मीटर लावला. सप्लायच्या तोंडाशी ११.९ व्होल्ट, हीटरच्या तोंडाशी १०.२. मधले पावणेदोन व्होल्ट वायरनेच खाल्ले. प्लगची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने घटते. साडेबाराच्या जागी सव्वादहा व्होल्ट मिळाले तर उष्णता दोन-तृतीयांशच उरते. डिसेंबरच्या सुरुवातीला तेवढ्यावर भागलं. पारा चारवर उतरला तसं भागेना.

मीटर हीटर बंद असताना लावला तर बारा व्होल्टच दाखवेल आणि माणूस फसेल. प्लग तापत असतानाच मोजायचं, आणि हीटरच्या तोंडाशी मोजायचं.

उपाय साधा होता. घरात इन्व्हर्टरची बॅटरी आहेच. लोहिया बाजारातून ४ एमएमची तांब्याची वायर आणली, तिच्या टोकांना लग, म्हणजे धातूचे कान, नीट दाबून बसवले, बॅटरीच्या अगदी जवळ हीटरबरोबर आलेल्या फ्यूजएवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाकला. आता तेवढ्याच अंतरात वायर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी खाते.

तेवढ्यावर पेटेल असं मला वाटलं होतं. पेटला नाही.

मग डिझेल पाहिलं. ते जनरेटरसाठी मे महिन्यात भरून ठेवलेल्या कॅनमधलं होतं. आपल्याकडे उन्हाळ्याचं आणि हिवाळ्याचं डिझेल वेगळं असतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळ्याच्या डिझेलला १८ अंश आणि हिवाळ्याच्या डिझेलला ६ अंश आहे. म्हणजे मे महिन्यातलं डिझेल आपल्या जानेवारीत मेण धरू शकतं. मी एका काचेच्या बाटलीत थोडं डिझेल काढून रात्रभर ओसरीत ठेवायला सांगितलं. सकाळी ते ताकासारखं गढूळ झालं होतं आणि तळाशी पांढरे कण बसले होते. फिल्टरची घडीही तशीच मेणचटलेली. ही बाटलीची परीक्षा कोणीही करावी. ते डिझेल काढून टाकलं, फिल्टर बदलला, पेट्रोल पंपावरून ताजं डिझेल आणलं आणि टाकी वाऱ्याच्या बाजूने काढून भिंतीच्या आडोशाला घेतली. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोकही तपासलं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, हीटर तासभर चालतो आणि मग उपाशी पडून विझतो.

शेवटी ग्लो प्लग काढून जाळी बाहेर घेतली. ती काजळीने पूर्ण बुजली होती. पंधरा दिवसांत एवढी काजळी का, तर कमी व्होल्टेजवरचे अर्धवट प्रयत्न, आणि पेटल्यावर रात्रभर सगळ्यात मंद आचेवर चालवणं. मंद आचेवर चेंबर पुरेसा तापत नाही आणि डिझेल पूर्ण जळत नाही. म्हणून रोज बंद करण्याआधी पंधरा मिनिटं पूर्ण जोरावर चालवा, आणि मग बटणानेच बंद करा. बटण दाबल्यावर पंखा काही मिनिटं फिरत राहतो तो आतलं तापलेलं ॲल्युमिनियम थंड करायला. तेव्हा वायर उपसायची नाही.

जाळी खरवडून पुन्हा वापरू नये, नवीन बसवावी. सिरॅमिकचा प्लग काचेसारखा ठिसूळ असतो. लांब पान्याने सरळ फिरवत काढायचा, तिरका जोर आला की संपला.

आता त्या ‘८ किलोवॉट’विषयी. तुमच्या पंपाच्या एका टकेला साधारण ०.०२२ मिलिलिटर डिझेल जातं. हजार टका मोजमापाच्या नळीत घेतल्या तर २२ मिलिलिटर भरलं. पूर्ण जोरावर सेकंदाला पाच टका, म्हणजे तासाला जवळपास ४०० मिलिलिटर. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॉट-तास उष्णता असते. हिशोब चार किलोवॉटच्या आसपास येतो, आणि त्यातलीही काही धुराबरोबर जाते. १२ बाय १४ फुटांच्या खोलीला ते भरपूर झालं, पण डब्यावरचा आकडा खरा धरू नका.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिल्याच प्रयत्नात पेटला. अर्ध्या तासाने सासूबाईंनी रजई गळ्यापासून खाली सरकवली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

‘ई-१०’विषयी एवढंच, की बऱ्याच कंट्रोलरवर त्याचा अर्थ ‘सुरू होण्यात अपयश’ असा असतो, पण हे आकडे कंट्रोलरप्रमाणे बदलतात. आपल्या डब्यातला कागद जपून ठेवा.

प्रश्न : काका, आम्ही भाड्याच्या खोलीत दोघं मित्र राहतो. हीटर खोलीतच ठेवलाय आणि धुराची नळी खिडकीच्या फटीतून बाहेर काढली आहे. खिडकी थोडी उघडी असते, वासही येत नाही. हे चालेल ना?
— दोन विद्यार्थी, मुरार

उत्तर : नाही. हे वाचून होईपर्यंतही चालवू नका, आज रात्रीच बंद करा.

या हीटरमध्ये हवेचे दोन वेगळे मार्ग असतात. एका मार्गाने खोलीची हवा आत जाते, गरम होते आणि परत खोलीत येते. दुसऱ्या मार्गाने जळणाची हवा येते आणि धूर होऊन जाते. हे दोन मार्ग कुठेही एकत्र येता कामा नयेत. जळणाची हवा बाहेरून यायला हवी, धूर बाहेर जायला हवा, आणि धुराचं तोंड खिडकीपासून आणि दोन्ही हवेच्या तोंडांपासून लांब असायला हवं. तुमच्या फटीतल्या नळीचा धूर वारा फिरला की त्याच फटीतून आत येणार. शिवाय हीटरबरोबर येणाऱ्या सायलेन्सरला बहुधा सांध्यांतून गळती असते आणि पाणी निथळायला मुद्दाम ठेवलेलं भोकही असतं. तो खोलीत असणं म्हणजे धूर खोलीत असणं.

वास येत नाही, यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. आणि झोपेत असलेल्या माणसाला यातलं काहीच कळत नाही. आपल्या भागात बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, अशी बातमी दर हिवाळ्यात वाचायला लागते. कारण हाच वायू.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा ट्रेड इतकी वर्षं शिकवून निवृत्त झालो, आणि तरी एका जानेवारीत घरामागच्या शेडमध्ये माझ्याच हातून चूक झाली. दुरुस्तीला आलेला हीटर टेबलावर लावून बघत होतो. नळी बाहेर काढली होती, पण हीटरकडच्या सांध्याची क्लिप पुरती आवळली नव्हती. बाहेर कोहरा, म्हणून शटर खाली. तासाभरात माझं डोकं ठणकायला लागलं. शिकायला येणाऱ्या मुलाने ओकारी केली, आणि मला वाटलं सकाळचे पोहे बाधले. तो उठताना धडपडला तेव्हा माझ्या लक्षात आलं. शटर वर करून त्याला ओढत बाहेर आणलं, तसाच दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरांना आधी ‘धूर’ हा शब्द सांगितला. मुलगा बरा झाला. त्याच्या आईसमोर उभं राहताना काय वाटलं, ते अजून विसरलो नाही.

तेव्हा हीटर खोलीबाहेर, पावसापासून आडोशाला. फक्त गरम हवेचा पाईप आत. धुराची नळी बाहेरच्या दिशेला उतरती, म्हणजे पाणी आत साचत नाही. लाकडी चौकटीतून नळी काढायची नाही. ती इतकी तापते की लाकूड धरेल. आणि उशाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. घरमालक भिंतीला भोक पाडू देत नसेल तर हा हीटर तुमच्या खोलीसाठी नाही. जाड रजई घ्या, विजेचा तेलाचा रेडिएटर घ्या, पण हे नको.

प्रश्न : गाडीत बसवलेला हीटर ग्वाल्हेरला उत्तम चालतो, पण लेहला गेलो तेव्हा काळा धूर सोडू लागला. का?
— एक प्रवासी, थाटीपूर

उत्तर : ग्वाल्हेर समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या आसपास, लेह ३,५०० मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, म्हणजे तेवढ्याच हवेत ऑक्सिजनही कमी. पंप मात्र डिझेल पूर्वीइतकंच टाकतो. हवा कमी, डिझेल जास्त, म्हणून काळा धूर आणि काजळी. कंट्रोलरमध्ये उंचीसाठी वेगळी सोय असेल तर ती लावा. नसेल तर पंपाच्या टका कमी करा आणि धूर दिसेनासा होईपर्यंत उतरवत जा. खाली आल्यावर पुन्हा पूर्ववत करायला विसरू नका. थंडीत गेलात तर टाकीत इथलं डिझेल नेऊ नका. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल २०१९ पासून मिळतं, तेच तिथे भरा.

प्रश्न : पंपाच्या टकटकीने झोप लागत नाही.
— एक वाचक, कंपू

उत्तर : पंप थेट पत्र्याला किंवा भिंतीला आवळलेला असेल. रबराच्या पट्ट्यात लटकवा. हे करताना डिझेल बाहेर पडायचं टोक वरच्या बाजूला राहील असा तिरका ठेवा, म्हणजे हवेचे बुडबुडे आत अडकणार नाहीत. नळीचे सांधे जोडताना आतली दोन टोकं एकमेकांना टेकलेली हवीत. मध्ये जागा राहिली की तिथे बुडबुडा बसतो आणि हीटर अधूनमधून गचके खातो. आवाज पूर्ण जाणार नाही, पण भिंतीतून येणारा ठोका जाईल.

प्रश्न : उन्हाळ्यात काढून ठेवावा का?
— तेच

उत्तर : काढायची गरज नाही. होळीनंतर टाकी रिकामी करा, धुराच्या आणि हवेच्या तोंडाला बारीक जाळी बांधा, नाहीतर कुंभारमाशी मातीचं घर करते. महिन्यातून एकदा जाळी सोडून थोड्या ताज्या डिझेलवर दहा मिनिटं पूर्ण जोरावर चालवा, मे महिन्यातसुद्धा, पहाटे उठून. पंपाला डिझेलचंच वंगण लागतं. सहा महिने कोरडा पडला तर आतला दट्ट्या चिकटतो. आणि नवरात्रात, थंडीच्या आधीच, ग्लो प्लगची एक जाळी, एक गॅस्केट आणि एक फिल्टर आणून ठेवा. जानेवारीत कुरिअर कोहऱ्यात अडकतं.