रिपोर्ट नॉर्मल, पण रक्त थांबत नाही

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची. पाळी सुरू झाल्यापासून दर महिन्याला नऊ-दहा दिवस अंगावरून जातं, शाळा बुडते. हिमोग्लोबिन ७ वर आलंय. सोनोग्राफी, प्लेटलेट, पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या तपासण्या) सगळं नॉर्मल. सासूबाई म्हणतात, "आमच्या घरात बायकांचं असंच असतं." हिच्या वडिलांचाही घोळणा फुटला की लवकर थांबत नाही. हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) तर मुलग्यांना होतो ना? मग हिला काय झालं असेल?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते सासूबाईंचं वाक्य. घरातल्या सगळ्याच बायकांना जास्त जातं म्हणून ते साधं ठरत नाही. आजार पिढीजात असल्याची ती खूण असू शकते.

मला पहिली शंका येते ती व्हॉन विलब्रँड आजाराची. जखमेच्या जागी प्लेटलेट चिकटवून धरणारं एक प्रथिन यात कमी असतं किंवा सदोष असतं. हा आजार मुलींनाही होतो आणि वडिलांकडूनही येतो. १९२६ मध्ये फिनलंडच्या डॉ. एरिक फॉन विलब्रँड यांनी ऑलंड बेटांवरच्या ज्या कुटुंबावरून तो मांडला, त्यातली मुलगी तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. म्हणून सांगते, थांबू नका.

तुमच्या रिपोर्टांत हे प्रथिन मोजलेलंच नाही. सौम्य आजारात एपीटीटी खुशाल नॉर्मल येते. रक्तविकारतज्ज्ञांकडे जा आणि व्हॉन विलब्रँड अँटिजेन (म्हणजे हे प्रथिन किती आहे), त्याची कार्यक्षमता आणि फॅक्टर आठ (रक्त गोठवणारं आणखी एक प्रथिन) या तपासण्या करून घ्या. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था याच विषयात काम करते. ताप, धावपळ, सुई टोचताना झालेलं रडणं, एवढ्यानेही ही पातळी वर जाते. त्यामुळे एकदा नॉर्मल आली तरी शंका असेल तर तपासणी पुन्हा करावी लागते. तीही नॉर्मलच राहिली, तर प्लेटलेटचं काम तपासायचं. संख्या पुरेशी असूनही त्या एकमेकींना चिकटत नाहीत, असेही दुर्मीळ आजार आहेत.

उपचार आहेत. पाळीच्या दिवसांत रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, गरजेप्रमाणे हार्मोनच्या गोळ्या, काहींना रक्तातलं हे प्रथिन वाढवणारं डेस्मोप्रेसिन. आजार तीव्र असेल तर व्हॉन विलब्रँड प्रथिन असलेलंच फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं इंजेक्शन) लागतं. कृत्रिमरीत्या बनवलेल्या फॅक्टर आठमध्ये ते नसतं, हे आवर्जून विचारा. लोह आजच्या आज डॉक्टरांना विचारून सुरू करा, ७ हिमोग्लोबिनवर मूल ओढत नेऊ नका. चक्कर, धाप किंवा तासाला पॅड भिजणं, यातलं काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठा. पोट दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल; अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अजिबात नको.

जाण्याआधी आजी आणि आत्या यांच्याशी बसून लिहून काढा : पाळी किती दिवस, दात काढल्यावर किती वेळ रक्त, बाळंतपणात रक्त चढवलं होतं का. आणि मुलीच्या वडिलांनाही सोबत न्या, त्यांचंही रक्त तपासावं लागेल.